दहा उतरवले की वेळ दुप्पट

१

क्लॅरिनेटवाला आमच्या कार्यालयात आला तेव्हा वाद्य सोबत नव्हतं, पण बोटं मांडीवर सारखी चालू होती. पंचवीस वर्षं एकाच वाद्यवृंदात वाजवणारा माणूस. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकतं, आणि त्याचे नेमके तेच दोन दात हलायला लागले होते.

एक्स-रे मशीनं तपासणं हे माझं काम. त्याआधी अठरा वर्षं मी दातांच्या इस्पितळात एक्स-रे काढले. घरी माझे दीर सगळ्यांना सांगतात, वहिनींपासून काही लपवू नका, त्यांना आरपार दिसतं. आरपार कसलं दिसतंय! लोक फोटोत काय आहे ते बघतात, मी तो कसा काढलाय ते बघते, एवढाच फरक.

त्याने लेखी तक्रार आणि नखाएवढ्या दोन फिल्म माझ्यापुढे ठेवल्या. पहिली त्याच्या नेहमीच्या दवाखान्यातली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ती बघून, हाड ठीक आहे, काळजी करू नका, असं सांगून त्याला घरी पाठवलं होतं. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी नवा एक्स-रे काढला आणि सांगितलं, दातांभोवतीचं हाड निम्म्याहून जास्त गेलंय. उजवीकडचा दात वाचेलसं वाटत नाही.

दोन फिल्ममध्ये अंतर होतं तीन आठवड्यांचं.

"तीन आठवड्यांत हाड विरघळतं का हो?" त्याने विचारलं. "नाही ना? मग पहिली फिल्म माझी नाहीच. दुसऱ्या कुणाची तरी माझ्या पाकिटात घातलीय."

तो शांतपणे बोलत होता. आयुष्यभर फुंकरीवर ताबा ठेवलेला माणूस, रागही जपून बाहेर सोडत होता.

मी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. दोन्हींत डाव्या दाताच्या मुळाचं टोक जरासं बाहेर वळलेलं. उजव्या दातात मागच्या बाजूने भरलेलं सिमेंट, दोन्हींत त्याच आकाराचं, एका कोपऱ्यात तुटलेलं. दोन माणसांच्या तोंडात इतकं साम्य असत नाही.

फिल्म बदललेली नव्हती. दोन्ही त्याच्याच होत्या. तरीही एकीत हाड होतं आणि दुसरीत नव्हतं.

२

दवाखाना दोन खुर्च्यांचा, पहिल्या मजल्यावर, खाली चष्म्यांचं दुकान. मोठे डॉक्टर सत्तरीला टेकलेले. त्यांची मुलगीही दातांचीच डॉक्टर, तिला सगळे छोट्या डॉक्टर म्हणत. आणि एक्स-रे काढायला आक्का. सव्वीस वर्षं तिथेच. पेशंट पायरी चढतानाच आक्का ओळखायची, हा दाढदुखीवाला की हा नुसता दात साफ करायला आलाय.

मशीन जुनं होतं पण झाडून पुसून ठेवलेलं. भिंतीवर एक पेटी, पेटीवर दोन बटणं. एक बटण किरणांचा जोर ठरवतं, दुसरं त्यांची वेळ. या गोष्टीतलं सगळं या दोन बटणांवर फिरतं, म्हणून थोडं सांगते.

जोर जास्त ठेवला की किरणं हाडातून, दातातून, हिरडीतून, सगळ्यातूनच कमी-जास्त आरपार जातात. फिल्मवर राखाडी रंगाच्या पुष्कळ छटा उमटतात. फोटो मऊ, जरासा उदास दिसतो, पण बारीकसारीक सगळं त्यात असतं. जोर कमी केला की मऊ भागातून किरणं जातात आणि घट्ट भागात अडकतात. फोटो कसा, तर काळ्यावर पांढरं, ठसठशीत. बघताक्षणी आवडावा असा. फक्त मधल्या छटा गळून जातात. दुसरं बटण वेळेचं. त्याने छटा बदलत नाहीत. सगळा फोटोच गडद किंवा फिका होतो.

पेटीवर कागद चिकटवलेला होता: जोर सत्तर, वेळ पाव सेकंद. बटणंही तिथेच होती. मी माझी ॲल्युमिनियमची पायऱ्या-पायऱ्यांची पट्टी ठेवून सत्तरवर एक फिल्म काढली. दहा पायऱ्या वेगवेगळ्या मोजता आल्या. साठवर काढली, तर जेमतेम सहा. बाकीच्या काळ्यात नाहीतर पांढऱ्यात बुडाल्या. मशीन जे सांगत होतं तेच करत होतं. ते दुरुस्त करणारा माणूस नवीन मशीन विकायला टपलेला, म्हणून त्याच्यावर मला आधी संशय होता. पण फोनवर तोच म्हणाला, "बाई, मला नवीन खपवायचंय हे खरं, पण जुनं अजून खणखणीत आहे. खोटं कशाला बोलू?" फिल्म धुण्याचं पाणीही ताजं होतं. पाणी शिळं असतं तर फोटो धुरकट आले असते, आणि क्लॅरिनेटवाल्याची फिल्म आरशासारखी स्वच्छ होती.

स्वच्छ, काळी-पांढरी, ठसठशीत. ती साठवर काढलेली होती, यात मला शंका उरली नाही. अर्धवट झिजलेलं हाड राखाडी दिसायला हवं होतं, ते पांढऱ्यात मिसळून गेलं होतं. मी भिंग लावलं तरी त्याचा काठ सापडेना.

इथे एक गोम होती. नुसता जोर कमी केला तर फोटो फिका पडतो. ही फिल्म मुळीच फिकी नव्हती. म्हणजे जोर दहाने उतरवणाऱ्याने वेळही दुप्पट केली होती, पाव सेकंदाची अर्धा सेकंद.

धक्का लागून एक बटण फिरतं. दोन बटणं अशी नेमकी फिरत नाहीत.

३

मी सगळ्यांशी वेगवेगळं बोलायचं ठरवलं.

मोठ्या डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बसवलं. खोलीतली ट्यूबलाइट बंद होती. आजकाल ती फार डोळ्यांवर येते, म्हणाले. बोलायला मोकळे, जुन्या वळणाचे. क्लॅरिनेटवाल्याचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. फिल्म मी स्वतः बघितली, हाड होतं, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग कौतुकाने म्हणाले, गेल्या वर्षापासून आक्काचा हात असा काही बसलाय की काय सांगू, एकेक फिल्म चित्रासारखी येते.

मी तक्रारीची प्रत पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि परत माझ्यापुढे सरकवली. "कार्बनची आहे, फिकी आलीय. तुम्हीच वाचा."

मी वाचली. कार्बन फिका होता खरा.

आक्का आत फिल्म धूत होती. ते झाल्यावर हात पुसत बाहेर आली आणि उभीच राहिली. बसा म्हटलं तरी बसेना. साठचं काय, असं विचारल्यावर तिने खाली बघितलं. पुसताना माझाच हात लागला असेल, म्हणाली.

"दोन्ही बटणांना?"

ती पुन्हा हात पुसायला लागली.

"आणि पुसून झाल्यावर पुन्हा दोन्ही जागच्या जागी?"

"माझंच चुकलं असं लिहा," आक्का म्हणाली. "दुसरं कुणाचं नाव घालू नका."

एवढं बोलून ती पेशंटला हाक मारायला गेली. खोटं बोलायची सवय नसलेली माणसं नेहमी एक वाक्य जास्तीचं बोलतात. दुसरं कुणाचं? मी तर अजून कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

४

छोट्या डॉक्टर तिशीच्या, बोलायला तडफदार. त्यांनी काही लपवलं नाही. चार वर्षांपासून त्या वडिलांच्या मागे लागल्या होत्या की आता सकाळचे दोनच तास बसा, अवघड पेशंट माझ्याकडे द्या, मशीन बदलू. बाबा ऐकत नव्हते. दोघांत अबोला नव्हता, पण बोलणं कामापुरतंच उरलं होतं. जोर आणि वेळ यांचं गणित माहीत आहे का, असं मी विचारलं. त्या हसल्या. परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आहे, म्हणाल्या. दहा उतरवले की वेळ दुप्पट.

मग मी गेल्या वर्षाची पाकिटं मागून घेतली. प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ आणि कोपऱ्यात एक अक्षर होतं. 'मो' म्हणजे मोठ्यांचा पेशंट, 'छो' म्हणजे छोट्यांचा. दुपारी दोन ते पाच मी उजेडाच्या पेटीसमोर बसून फिल्म लावत गेले. आधी महिन्यांप्रमाणे लावल्या, काही उमजेना. एकाच दिवशीच्या फिल्मसुद्धा काही मऊ, काही ठसठशीत. मग अक्षरांप्रमाणे लावल्या आणि माझा हात थांबला.

'छो'च्या सगळ्या फिल्म सत्तरवर काढलेल्या, मऊ राखाडी. 'मो'च्या, पहिला महिना सोडला तर, सगळ्या साठवर, काळ्या-पांढऱ्या. सकाळी दहाला 'मो' असेल तर साठ, सव्वादहाला 'छो' असेल तर सत्तर, साडेदहाला पुन्हा साठ. अकरा महिने. कुणीतरी पेशंटगणिक दोन्ही बटणं फिरवत होतं, आणि फक्त मोठ्या डॉक्टरांच्या फिल्ममधून बारीक छटा काढून घेत होतं.

बापाने चुका कराव्यात, लोकांनी तक्रारी कराव्यात, आणि त्याने आपणहून खुर्ची सोडावी. हे कुणाला हवं होतं ते उघड होतं. गणित तिला पाठ होतं. आणि आक्काने त्या मुलीला लहानपणी याच दवाखान्यात पाटी-पेन्सिल घेऊन बसवलं होतं म्हणे; तिच्यासाठी आक्का आळ अंगावर घेणार नाही तर कोण घेणार?

सगळं चपखल बसत होतं. मी वहीत नाव लिहायला घेतलं, आणि तेवढ्यात गठ्ठ्यातून एक पाकीट निसटून खाली पडलं.

५

पाकिटावर 'मो' होतं आणि आतली फिल्म मऊ होती.

अकरा महिन्यांत ही एकच. मी तारीख बघितली आणि हजेरीचं पुस्तक मागवलं. त्या दिवशी आक्का रजेवर होती, भाचीच्या लग्नाला. फिल्म काढली होती छोट्या डॉक्टरांनी.

वडिलांच्या फिल्म बिघडवायचा कट त्यांचा असता, तर त्या दिवशी बटणं त्यांच्याच हाताखाली होती. त्यांनी काय केलं? कागदावर लिहिलेलं तेच, सत्तर आणि पाव सेकंद. त्यांना या बटणांच्या खेळाची गंधवार्ताही नव्हती.

मी नाव खोडलं. आपण एका लेकीबद्दल किती सहज वाईट समजून बसलो होतो, याची लाजही वाटली.

मग मी पाकीट उलटं केलं. मागे मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात दोन शब्द होते: 'खराब. पुन्हा.'

मी ती फिल्म पेटीवर लावली. खराब? इतकी चांगली फिल्म मी त्या दिवसभरात बघितली नव्हती. दाढेची दोन मुळं, त्यांच्याभोवतीची दोऱ्यासारखी रेघ, हाडातली जाळी, सगळं होतं. पण होतं सगळं राखाडीत.

मी पेटी बंद केली आणि तशीच बसून राहिले. बंद ट्यूबलाइट, फिका कार्बन, गेल्या वर्षापासून चित्रासारख्या येणाऱ्या फिल्म. हे सगळं डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं होतं. त्यांच्या फिल्ममधून छटा कुणी चोरल्या नव्हत्या. ज्या छटा त्यांना दिसतच नव्हत्या, त्यांच्यावाचून त्यांचं काम चालावं म्हणून कुणीतरी धडपडत होतं.

आणि ते त्यांना सांगण्याचं काम आता माझ्यावर आलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी, पेशंट यायच्या आधी, मी तिघांना एकत्र बसवलं. ती राखाडी फिल्म पेटीवर लावली आणि मोठ्या डॉक्टरांना वाचायला सांगितलं.

ते वाकले. मान तिरकी केली, मागे झाले, पुन्हा वाकले. "वाया गेलीय ही," म्हणाले. "नुसतं धुकं आहे."

मी छोट्या डॉक्टरांकडे बघितलं. त्या सहज वाचायला लागल्या: खालची पहिली दाढ, मागच्या मुळाच्या टोकाशी लहानशी सावली, हाडाचा काठ दोन मिलिमीटर खाली... आणि तिथेच थांबल्या. त्यांनी फिल्मवरची नजर काढून वडिलांकडे बघितलं.

खालच्या दुकानाचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

मोठ्या डॉक्टरांनी पेटीच्या कडेवर दोन्ही हात ठेवले. मग वळून न बघताच विचारलं, "आक्का, साठ?"

"हो, डॉक्टर."

"आणि वेळ?"

"अर्धा सेकंद."

आता ते तिच्याकडे वळले. "दहा उतरवले की वेळ दुप्पट," म्हणाले. "मीच शिकवलं होतं तुम्हाला."

तेव्हा आक्का पहिल्यांदा खुर्चीत बसली, आणि सगळं सांगून मोकळी झाली. गेल्या वर्षी एका बाईच्या दाढेतली कीड डॉक्टरांना दिसली नाही. आक्काला दिसली. ती खाकरली आणि म्हणाली, डॉक्टर, कोपऱ्यात एकदा बघता का? असं तीन-चारदा झालं. मग एके दिवशी धीर करून तिने डोळे तपासून घ्या म्हटलं. डॉक्टर दोन दिवस तिच्याशी नीट वागले नाहीत. त्यानंतर तिने साठवर एक फिल्म काढून बघितली. डॉक्टर खूश. कीड लगेच सापडली. कीड अशा फिल्ममध्ये छानच दिसते, त्यात तिचं काही चुकलं नव्हतं. ती म्हणाली, मला वाटलं जमलं. हाडाचं मला कळायला हवं होतं, पण ते डोक्यातच आलं नाही.

डॉक्टरांनी मला विचारलं, पेशंटना किरणं किती जास्त लागली. मी सांगितलं: कातडीवर पोचणारी जवळजवळ दीडपट, एकेका माणसाला फार नाही, पण ज्याची गरज नाही ते थोडंही जास्तच. त्यांनी मान डोलावली. आक्का रडायच्या बेतात होती. तिने मला विचारलं की तिच्याकडून पाप झालं का.

मी म्हटलं, "पापाचं माझ्या फॉर्मात नाही. पण आक्का, तुम्ही त्यांना इतकं नीट सांभाळलंत की आपल्याला दिसत नाही हे त्यांना कळलंच नाही. आणि त्याची किंमत त्या वाजवणाऱ्याने दिली."

छोट्या डॉक्टर उठून वडिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या. लेकीने पेटीचा दिवा विझवला, कारण वडिलांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते उजेडाने की कशाने हे कुणी विचारलं नाही.

७

अहवालात मी जे होतं तेच लिहिलं. मशीन निर्दोष, जोर आणि वेळ जाणूनबुजून बदलली, हेतू वाईट नव्हता, परिणाम वाईट झाला. आक्काला पुन्हा प्रशिक्षण घेऊन परीक्षा देईपर्यंत मशीनला हात लावायला बंदी. अकरा महिन्यांतल्या 'मो'च्या सगळ्या पेशंटना परत बोलवायचं आणि छोट्या डॉक्टरांनी तपासायचं. फोन करायचं काम आक्काने मागून घेतलं. एकेकाला ती सांगायची, आमच्याकडून फोटो नीट निघाला नव्हता, पुन्हा दाखवून जा. आणखी पाच जणांचं हाड झिजलेलं सापडलं. सुदैवाने सगळे वेळेत आले.

मी तिघांना एकत्र बसवलं त्याच दुपारी मोठे डॉक्टर मुलीचा हात धरून क्लॅरिनेटवाल्याच्या घरी गेले. मला दिसत नव्हतं, आणि दिसत नाही हे कळत नव्हतं, असं त्यांनी त्याला त्याच्या दारात उभं राहून सांगितलं. त्याने त्यांना आत बोलावलं. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. तक्रार त्याने मागे घेतली नाही, आणि घेऊही नये, असंच डॉक्टरांचंही म्हणणं होतं. उजवा दात गेला. डावा शेजारच्या दातांना तारेने बांधून छोट्या डॉक्टरांनी वाचवला. क्लॅरिनेट दातांवर टेकवता येईना, म्हणून तो आता वरचा ओठही दातांवर दुमडून वाजवायला शिकलाय. आवाज पूर्वीपेक्षा थोडा मऊ येतो म्हणे. तो म्हणतो, काही लोकांना हाच जास्त आवडतो, पण ओठ लवकर दमतो.

तीन महिन्यांनी मी फेरतपासणीला गेले. बटणं सत्तर आणि पाव सेकंदावर होती. मोठ्या डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला होता आणि आठवड्यातून तीन सकाळी ते बसत होते, तेही मुलीच्या शेजारी. पेटीसमोर बसून ते त्या वर्षाच्या स्वतःच्या फिल्म पुन्हा एकेक करून बघत होते. कुणी सांगितलं नव्हतं, तरी रोज वीस.

आक्का फोनची यादी घेऊन आत आली. तिने यादी टेबलावर ठेवली आणि परत जायला वळली. डॉक्टरांनी मान वर केली, आणि ते तिच्याकडे बघतच राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "तुमचे केस सगळे पांढरे झाले की हो. कधी झाले? मला कुणी बोललंच नाही."

आक्काचा हात आपोआप डोक्याकडे गेला.

"बोलायला हवं होतं," ती म्हणाली.